न्हाणीमागची पानवेल

किंजलला गप्प बसवायचं औषध अजून निघालेलं नाही, असं तिचा काका भावेश म्हणायचा. आणि तो बोईसरला औषधांच्या कारखान्यात पाळीला जात असल्यामुळे घरात त्याच्या या म्हणण्याला जरा वजन होतं.

पोरगी होतीच तशी. सकाळी तोंड धुवायच्या आधी तिचं सुरू व्हायचं. केळं वाकडंच का वाढतं? समुद्र एवढा जवळ, मग आपल्या विहिरीचं पाणी फक्त वैशाखातच मचूळ का लागतं? मुरबे गावच्या बायका मासळी वाळत घालतात तेव्हा कावळे सुरमईच्या डोक्यालाच आधी का चोच मारतात? तिचा बाप कृष्णकांत बिचारा एकाच उत्तरावर दिवस काढायचा. ‘असतं तसं.’ किंजल लगेच म्हणायची, “पण का असतं तसं?” मग कृष्णकांत विडी पेटवायचा. बापलेकीचं हे असं चालायचं, आणि दोघांनाही त्यात मजा यायची.

वाडी त्यांची पालघरहून माहीमकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला. नारळाची थोडी झाडं, कडेला केळी, आणि मध्ये झावळ्यांच्या मांडवाखाली पानवेल. खायच्या पानाची वेल. बांबूवर चढवलेली, केळीच्या सोपटाच्या दोरीने ठिकठिकाणी बांधलेली. आत गेलं की भर दुपारी सुद्धा हिरवी सावली आणि पानाचा तिखट वास. एके काळी इथल्या पानांच्या करंड्या रेल्वेने कुठं कुठं जायच्या म्हणे. आता लोक पुड्या फाडून खातात, पान लावायला वेळ कुणाला आहे? त्यात चार-पाच पावसाळे ओळीने मर लागत होती. आज वेल टवटवीत, उद्या पान पिवळं, परवा खोड बुडाशी काळं पडून मऊ. एकेक ओळ अशी बसायची आणि कृष्णकांत तिच्यासमोर उकिडवा बसून राहायचा.

भावेशचं म्हणणं सरळ होतं. मांडव सोडावा, जागेवर खोल्या बांधाव्यात, माहीम-केळव्याच्या समुद्रावर येणाऱ्यांना भाड्याने द्याव्यात. वाईट माणूस नव्हता तो. रोज केमिकलच्या वासात राहून आलेल्या माणसाला भावाने एका मरत्या वेलीपाशी जन्म घालवावा हे पटत नव्हतं, एवढंच.

“अजून एक पावसाळा बघू,” कृष्णकांत म्हणायचा.

आता पानवेल म्हणजे काही भेंडी-गवार नव्हे. ती देवी. या घरात तिचा मान लक्ष्मीच्या खालोखाल. वाडीच्या झापाच्या, म्हणजे विणलेल्या झावळ्यांच्या, दाराबाहेर चपला काढायच्या. आत शीळ घालायची नाही, भांडायचं नाही, खोटं बोलायचं नाही. मेलेली वेल फेकायची नाही, जाळायचं तर नावच काढायचं नाही. हळदकुंकू वाहून ती जिथं वाढली त्याच ओळीत पुरायची. “घरचं मानूस गेलं तर उकिरड्यावर टाकता का?” असं कृष्णकांतचं विचारणं. आणि शेवटचा, सगळ्यांत कडक नियम. बाईमाणसाने त्या चार दिवसांत आत पाऊल टाकायचं नाही. सावली पडली तरी वेल करपते.

किंजलचा हाही नियम लहानपणी विचारून झाला होता. “कुठले चार दिवस?” तेव्हा कृष्णकांतने विडी उलटी पेटवली होती.

ती बारा वर्षांची होईपर्यंत वाडी म्हणजे तिचं दुसरं अंगण होतं. बापाच्या मागे मागे फिरायची. अंगठ्यात लोखंडी नखी घालून पान कसं खुडायचं, देठ किती ठेवायचा, कोवळ्याला का हात लावायचा नाही, सगळं तिला यायचं. तिची आई जयवंती मात्र वाडीत कधी यायची नाही. कधीच. ओटीवर बसून ती पानं निवडायची, शंभर शंभराची चवड लावायची, केळीच्या पानात बांधून करंडी भरायची. तिच्या हाताखालून इतकी पानं गेली असतील की मोजणाराच थकेल. पण झापाच्या दाराच्या आत नाही. का गं, म्हणून विचारलं तर म्हणायची, “डास किती ते! मला नाय आवडत.”

गणपती नुकतेच गेले होते. पाऊस रेंगाळत होता. रविवारचा दिवस, किंजल सकाळपासून विहिरीकडच्या ओळीत पानं खुडत होती. दुपारी घरी आली आणि न्हाणीत गेली, आणि तिथूनच आईला हाक मारली. जयवंती आली, बघितलं, आणि पोरीला जवळ घ्यायच्या आधी तिच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा:

“वाडीत होतीस?”

“हो.”

जयवंतीचा चेहरा उतरला. मग तिने पोरीला घट्ट धरलं, डोक्यावरून हात फिरवला, सगळं समजावलं, रात्री शिरा केला. सगळं केलं हो. पण तो पहिला प्रश्न काही परत घेता आला नाही.

आणि व्हायचं तेच झालं. आठवडा झाला नसेल, विहिरीकडची ओळ पिवळी पडली. तीच ओळ. मग तिच्या शेजारची.

कुणी मारलं नाही, कुणी ओरडलं नाही. कृष्णकांतने वेलीला नारळ दिला, ओटी भरली, मेलेल्या वेली हळदकुंकू लावून पुरल्या आणि घरी येऊन एवढंच म्हणाला, “आता मोठी झालीस बाय. वाडीत नको येत जाऊ. आईला मदत कर.”

“चार दिवस?”

“नकोच आता.”

भावेशकाका मात्र जेवताना बोललाच. “दादा, आता तरी ऐक. वेल रुसली ती रुसली. पोरीचा पाय पडला त्याला पोर तरी काय करनार, पन रुसली.”

किंजलने खाली मान घातली. ज्या पोरीला अख्ख्या जगाबद्दल प्रश्न पडायचे तिला त्या दिवसापासून एकच प्रश्न उरला. मी मारली का? बापाची वाडी मी मारली का? शाळेत, बसमध्ये, आईशेजारी पानांची चवड लावताना, तोच. ती गप्प झाली, आणि घरातल्यांना वाटलं, पोर शहाणी झाली.

एक दिवस ओटीवर तिने आईला विचारलंच. “आई, खरं सांग. तुला डासांमुळे नाय ना जात?”

जयवंतीचे हात थांबले. मग ती पानांकडे बघतच बोलली. लग्न होऊन आली त्याच वर्षी, नवीन नवरी हौसेने वाडीत गेली होती. दिवसाचा हिशेब चुकला. आतच कळलं. आणि त्या पावसाळ्यात निम्मी वाडी बसली. सासूने शिव्या दिल्या नाहीत, फक्त येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं. बाजारात बायका तिच्याकडे बघून कुजबुजायच्या. “तेव्हाच ठरवलं, आपन आता जायचंच नाय. चांगल्या दिवशी पन नाय. कशाला उगीच? आपला पाय वाईट.” एवढं बोलून तिने एक डागाचं पान बाजूला टाकलं.

किंजलला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. कुणाचा ते मात्र तिला कळेना.

आता लाडकीचं सांगायला हवं. लाडकी म्हणजे वाडीत पानं खुडायला येणारी बाई, रेल्वेच्या पलीकडच्या पाड्यावरून यायची. घरची थोडी डोंगरउताराची भातशेती, ती पावसापुरती. बाकी वर्षभर ती कृष्णकांतच्या वाडीत. हात असा चालायचा की बघत राहावं. एका संध्याकाळी ती वाडीच्या दाराजवळच्या विहिरीवर पाय धूत होती आणि किंजलच्या डोक्यात एकदम लख्ख प्रश्न पडला. इतका सोपा की आजवर कुणाला कसा सुचला नाही याचंच नवल.

“लाडकीबाय, तू रोज येतेस ना?”

“येते ना. नाय आली तर खाईन काय?”

“म्हणजे… महिनाभर? रोज?”

लाडकीने वर बघितलं. आधी तिला कळलं नाही. मग कळलं आणि ती खळखळून हसली. “अगो बाय! तुमच्यावानी घरी बसली तर माझी चूल कोन पेटवील?” आणि दुसऱ्याच क्षणी तिचं हसू गेलं. ओल्या हाताने तिने किंजलचं मनगट धरलं. “कोनाला बोलशील नको हां. शेठला कळला तर मना उद्या दारात उभी नाय करनार. शपथ घे.”

किंजलने शपथ घेतली. वाडीच्या दाराशी घेतलेली शपथ, तिथं खोटं चालत नाही.

बघा कशी गंमत असते. प्रश्नाचं उत्तर हातात आलं आणि तोंडाला कुलूप लागलं. लाडकी वर्षानुवर्षं महिन्याचे सगळे दिवस वाडीत वावरत होती आणि ती खुडायची त्या ओळी कधी जगल्या, कधी मेल्या, इतरांसारख्याच. भावेशकाकाने पुन्हा ‘पोरीचा पाय’ काढला की किंजलच्या जिभेवर लाडकीचं नाव यायचं आणि ती ते गिळायची. एका बाईची रोजी घालवून आपला पाय चांगला ठरवायचा? छे. दुसरा काहीतरी पुरावा हवा. स्वतःचा.

दिवाळीनंतर कृष्णकांतने चांगल्या ओळींतलं थोडं बेणं काढलं, म्हणजे लावायला वेलीचे तुकडे. त्यातले दोन किंजलने लाडकीकडून मागून घेतले. न्हाणीघराच्या मागे पाण्याचं पिंप होतं आणि पिंपाच्या अलीकडे-पलीकडे शेवग्याची दोन झाडं. तिकडे घरातलं कुणी फिरकत नसे. एकेका शेवग्याच्या बुडाशी तिने एकेक तुकडा लावला. माती वाडीतलीच, लाडकीने चांगल्या ओळीतून आणून दिलेली, पाणी त्याच विहिरीचं, शेणखत त्याच गोठ्याचं.

आणि मग तिने सगळे नियम मोडले. एकूणएक. चपला घालून गेली. शीळ येत नव्हती, ती शिकली, आणि वेलीसमोर घातली. वेलीशी धडधडीत खोटं बोलली की मला गणितात पैकीच्या पैकी मिळाले. आणि ते चार दिवस आले तेव्हा ती पहाटे उठून मागे गेली. हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला. नुकता फुटलेला कोंब होता, टोकाला तांबूस. तिने तो दोन बोटांत धरला.

“मरायचं असेल तर आत्ताच मर,” ती म्हणाली. “मला कळू दे.”

वेल मेली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. पुढच्या महिन्यात नाही, त्याच्या पुढच्या महिन्यात तर तिला दोन नवी पानं आली. किंजल शाळेतून आली की दप्तर टाकून आधी मागे पळायची. शिमग्यापर्यंत दोन्ही वेली तिच्या कमरेला लागल्या. पावसाला सुरुवात झाली तेव्हा शेवग्याला बिलगून तिच्या डोक्याच्या वर गेल्या होत्या. पान असं तुकतुकीत की हात फिरवत बसावं. पोरीला इतका आनंद झाला की ती एकटीच पिंपाभोवती नाचली. मी नाही मारली. आईनेही नाही मारली.

पण ही किंजल होती. दुसरी कुणी असती तर इथंच थांबली असती. हिला लगेच पुढचा प्रश्न. मी नाही मारली, तर मग कुणी मारली?

कारण त्या पावसाळ्यात वाडीत पुन्हा मर लागली. वर्षभर किंजलने आत पाऊल टाकलं नव्हतं, तरी लागली. भावेशकाकाला विचारलं तर म्हणतो, “राग धरलाय तिनं.” म्हणजे मुलगी गेली तरी दोष मुलीचा, न गेली तरी दोष मुलीचाच. या असल्या न्यायाला काय म्हणावं? कृष्णकांत मात्र आता वाद घालत नव्हता. आषाढ संपता संपता तो जेवता जेवता म्हणाला, “गनपती झाले की मांडव सोडू.” भावेशने सुद्धा नुसता त्याच्या ताटात भात वाढला.

गणपतीपर्यंतचा वेळ तेवढा उरला. किंजल दोन वेलींसमोर बसून विचार करायला लागली. माती तीच, पाणी तेच, खत तेच. वाडीतल्या वेलीला मिळतं आणि माझ्या वेलीला मिळत नाही असं काय? पाऊस? तोही सारखाच. मान? मान तर माझ्या वेलीला काहीच नाही. ओटी नाही, नारळ नाही, हळदकुंकू नाही…

ती उठून उभी राहिली.

हळदकुंकू नाही, कारण तिच्या इथं अजून कुठली वेल मेलीच नव्हती. आणि पुरलीही नव्हती.

त्या संध्याकाळी लाडकीने तिला पदराखालून मेलेल्या वेलीचं भेंडोळं आणून दिलं. बुडाशी काळं, मऊ, वास येणारं. आता कळायचा एकच मार्ग होता. दोन वेलींपैकी एकीच्या मुळाशी बाप पुरतो तसं हे पुरायचं. पण कुठल्या? दोघी तिच्या हातच्या. दोघींशी ती खोटं बोलली होती आणि खरंही बोलली होती. ती सारखी एकीकडून दुसरीकडे जात राहिली. वाटलं, नको. वेल जगली ना, पुरे की. बाबांना ही दाखवू, माझ्यावरचा आळ जाईल. पण मग वाडी? आपला पाय चांगला निघाला आणि वाडी मेलीच, तर बाबा त्या पायाचं काय करणार?

तिने उताराच्या बाजूची वेल निवडली, म्हणजे तिथलं पाणी दुसरीकडे जाणार नाही. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, बापासारखे हात जोडले आणि पुरलं. आणि “माफ कर हां” म्हणून घरात पळाली.

नारळी पौर्णिमा होऊन थोडेच दिवस झाले असतील. ती मागे गेली तेव्हा खालचं पान पिवळं होतं. मग वरचं. मग खोड काळं पडलं. दुसरी वेल जशीच्या तशी, हिरवीगार. किंजल ओल्या जमिनीवर बसून हुंदके देऊन रडली. तिला हवं ते उत्तर मिळालं होतं, आणि ते इतकं वाईट होतं की ते बापाला कसं सांगायचं हेच कळेना. ‘असतं तसं’ म्हणणाऱ्या माणसाला सांगायचं, की बाबा, तुम्ही हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून जे करता, त्यानेच वेल मरते?

पण सांगायला तर हवंच होतं. गौरी-गणपती आले आणि गेले. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी भावेश दोन माणसं घेऊन आला, बांबू सोडायला. कृष्णकांत ओटीवर बसून कोयत्याला उगीचच धार लावत होता. किंजल समोर जाऊन उभी राहिली.

“बाबा, मागे चला.”

“काय हाय मागं?”

“चला तर.”

आधी त्याला हिरवी वेल दिसली. बघतच राहिला. पान हातात घेतलं, उलटं केलं, देठाला नख लावून वास घेतला. “ही कुठली?”

“आपलीच. दिवाळीतल्या बेण्यातली.”

“कोनी लावली?”

“मी. आणि मी रोज हिला हात लावते, बाबा. महिन्याचे सगळे दिवस. ते चार पन.”

कृष्णकांतचा हात पानावरून खाली आला. तो तिच्याकडे बघत राहिला, मग वेलीकडे. “म्हनजे तेव्हाची ती ओळ… तुज्यामुळं नाय,” तो शेवटी म्हणाला. विचारलं नाही, म्हणाला. “आनि मी तुला वर्षभर भायेर ठेवली.”

किंजलला वाटलं, इथंच थांबावं. काय सुंदर थांबायची जागा होती ती! पण वाडीत भावेशकाकाच्या माणसांचा आवाज येत होता. तिने बापाचा हात धरून त्याला पिंपाच्या पलीकडे नेलं. मेलेली वेल दाखवली. मग काठीने बुडाची माती उकरली आणि पुरलेलं काळं भेंडोळं दाखवलं. त्याला चिकटलेलं कुंकू अजून पुरतं गेलं नव्हतं.

समजावायची गरजच नव्हती, कृष्णकांत जन्माचा शेतकरी होता. त्याने ते भेंडोळं बघितलं, खोड बघितलं, आणि तो हळूहळू खाली बसला. एका वर्षापूर्वी जेवताना मान खाली घातलेल्या किंजलचा जसा चेहरा झाला होता, अगदी तसा त्याचा झाला. मी मारली का?

“मीच पुरत आलो,” तो म्हणाला. “माझा बाप पन. आमी दोघं… मान म्हनून.”

“तुमाला ठाऊक नव्हतं, बाबा.”

“तुला पन कुठं ठाऊक होतं?” तो म्हणाला. “पन तुला आमी शिक्षा केली.”

मागे बादली ठेवल्याचा आवाज झाला. जयवंती न्हाणीच्या कोपऱ्यावर उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे, पण चेहऱ्यावरून कळत होतं की सगळं ऐकलंय. किंजलला वाटलं, आई आता हसेल, आपल्याला जवळ घेईल. जयवंती हसली नाही. ती हिरव्या वेलीपाशी आली, एक पान दोन बोटांत धरून तिने ते अंगठ्याने चाचपलं, अगदी निवडायला घेतल्यासारखं. वेलीवरचं पान तिने लग्नाच्या वर्षानंतर आज पहिल्यांदा धरलं होतं.

“सासूबाई जाताना पन मला म्हनाल्या,” ती नवऱ्याकडे न बघता बोलली, “वाडीला जप, आत जाऊ नको. मी हो म्हटलं. मी त्यांच्या पाया पडले.”

कृष्णकांत उठला. “अगो…”

“आज माझा दुसरा दिवस हाय,” जयवंती म्हणाली.

आणि ती चालायला लागली. घराला वळसा घालून, अंगण ओलांडून, नारळांच्या मधून सरळ वाडीकडे. कृष्णकांत मागे, त्याच्या मागे किंजल. झापाच्या दाराशी भावेश उभा होता. त्याने वहिनीला येताना बघितलं, भावाचं तोंड बघितलं आणि काय समजायचं ते समजून आपल्या माणसांना म्हणाला, “रुकिये भाई, जरा बाहर बैठिये.” जयवंतीने चपला काढल्या. तेवढा एक नियम तिने पाळला. पण दारात येऊन ती थबकली. पाय उचलेना. इतक्या वर्षांचं ते भय, ते काय एका वेलीने जातं?

आत लाडकी पानं खुडत होती. मालकिणीला दारात बघून तिचा नखीचा अंगठा देठावरच राहिला. तिने घाबरून किंजलकडे पाहिलं. किंजलने हळूच मान हलवली. नाही सांगितलं. आजपर्यंत सांगितलेलं नाही, आणि तुम्हीही कुठं बोलू नका.

विहिरीकडच्या ओळी तर गेल्याच होत्या. मेलेलं सगळं उपसून वाडीबाहेर जाळायचं होतं, निम्मी जमीन रिकामी राहणार होती, त्या निम्म्यात भावेशच्या खोल्या होणार की नाही हेही कुणाला ठाऊक नव्हतं. पण उरलेल्या निम्म्यात वेल उभी होती. कृष्णकांत बायकोच्या पुढे झाला. त्याने झापाचं दार हाताने पूर्ण मागे ढकललं आणि तसंच धरून ठेवलं.

“डाव्या अंगानं ये,” तो म्हणाला. “उजवीकडं चिखल हाय.”

जयवंती आत गेली.